आंबे कच्चे आणलेस: नामानंतर येणाऱ्या विशेषणाची गोष्ट

लहानपणी मी बाजारातून आणलेली पिशवी आई ओट्यावर रिकामी करायची. एखादा आंबा अंगठ्याने दाबून बघायची आणि म्हणायची, "आंबे कच्चे आणलेस." हेच तिने "कच्चे आंबे आणलेस" असं म्हटलं असतं, तर मी खूश झाले असते, कारण त्याचा अर्थ आता पन्हं होणार किंवा लोणचं पडणार. शब्द तेच तीन. पहिल्या दोघांनी फक्त जागा बदलल्या. पण एका वाक्यात काय आणलं ते सांगितलंय आणि दुसऱ्यात तक्रार आहे: आणायचे होते पिकलेले, आणलेस कच्चे.

विशेषण नामाच्या आधी न ठेवता नंतर ठेवलं की काय होतं, ते बघायला याहून मोठं उदाहरण लागत नाही. बोलताना ही जागा आपण दिवसातून शंभर वेळा बदलतो, आणि एकदाही चुकत नाही. लिहायला बसलो की मात्र सगळी विशेषणं नामापुढे रांगेत उभी करतो: निसर्गरम्य गाव, टुमदार घर, प्रेमळ आजी, रुचकर जेवण. प्रत्येक वाक्याची चाल एकसारखी होते आणि तिसऱ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचं लक्ष उडतं. मी गेली काही वर्षं इतरांचं लेखन आणि भाषांतरं तपासते. वाक्यं कंटाळवाणी होण्याचं जे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं, ते हे.

शाळेच्या व्याकरणात हा भाग येऊन गेलेला असतो. ज्याबद्दल विशेषण सांगतं ते नाम म्हणजे विशेष्य. 'हुशार मुलगी' यात विशेषण विशेष्याच्या आधी आलं, म्हणून ते अधिविशेषण किंवा पूर्वविशेषण. 'मुलगी हुशार आहे' यात ते नंतर आलं, म्हणून विधिविशेषण किंवा उत्तरविशेषण. परीक्षेत या दोन व्याख्या लिहून आपण पुढे गेलो. पण 'विधिविशेषण' या नावातच सगळं सांगून ठेवलंय. आधी आलेलं विशेषण वस्तूची ओळख पटवतं: कुठली मुलगी? हुशार मुलगी. नंतर आलेलं विशेषण त्या वस्तूबद्दल विधान करतं.

आता चहाचं बघू. "गरम चहा दे." "चहा गरम दे." "चहा दे, गरम." पहिल्यात साधी मागणी आहे. दुसऱ्यात आधीच्या थंड चहाची आठवण आहे: चहा तर देणारच आहेस, पण या वेळी गरम दे. तिसऱ्यात बोलणारा आधी चहा मागतो, क्षणभर थांबतो आणि मग त्याला जे खरं हवंय ते सांगतो. माणूस दमून घरी आला असेल तर तो तिसरं वाक्य म्हणेल, आणि ते ऐकून त्याचा दमलेला चेहरा डोळ्यांसमोर येतो. त्यासाठी 'तो खूप दमला होता' असं वेगळं लिहावं लागत नाही.

कधीकधी तर जागा बदलल्यावर घटनाच बदलते. 'निळी भिंत रंगवली' म्हणजे जी भिंत निळी होती तिला रंग दिला. कुठला दिला ते सांगितलेलं नाही, आता ती पांढरीही असेल. 'भिंत निळी रंगवली' म्हणजे आधी ती कशीही असो, आता निळी आहे. विशेषण नामाच्या नंतर आलं की ते नामाचा हात सोडत नाही, पण क्रियापदाकडे सरकतं. मराठीचं क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे नाम आणि क्रियापद यांच्या मधल्या जागेत आलेला शब्द दोघांचाही होतो. 'चांगलं गाणं म्हटलं' यात गाणं चांगलं आहे. 'गाणं चांगलं म्हटलं' यात म्हणणं चांगलं आहे. गाणं साधारण असलं तरी चालेल. आणि तरीही 'चांगलं' हा शब्द गाण्याच्या लिंगावरच चालतो: आरती चांगली म्हटली, श्लोक चांगला म्हटला. काम क्रियाविशेषणाचं, रूप विशेषणाचं. मला मराठीची ही सोय फार सुंदर वाटते.

मराठीची आणखी एक सवय इथे महत्त्वाची आहे. आपण 'आहे' सर्रास गाळतो. "रस्ता खराब." "हवा छान." "पोरगी हुशार." ही तिन्ही पूर्ण वाक्यं आहेत, कुणालाही काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. म्हणून 'जुना वाडा' एवढंच लिहिलं तर वाचणारा थांबून राहतो: बरं, जुना वाडा, त्याचं काय? 'वाडा जुना' लिहिलं की कान आपोआप त्यात 'आहे' भरतो आणि वाक्य संपतं. नामानंतर विशेषण ठेवण्याची मराठीतली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जुनी रीत हीच: क्रियापदाशिवायची छोटी वाक्यं.

कहाण्यांमध्ये हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, एक नावडती. 'एका राजाला एक आवडती आणि एक नावडती अशा दोन राण्या होत्या' असं सांगून बघा. माहिती तीच, पण कहाणी गेली. आधीच्या सांगण्यात दोन राण्या एकदम समोर येतात, सारख्याच. मग एकेकीच्या कपाळावर नशीब उमटतं. ऐकणाऱ्या मुलाला पुढे काय होणार ते तिथेच कळू लागतं.

कवितेत तर नाम आणि विशेषण मोकळेपणाने फिरतात. ज्ञानेश्वरांच्या अभंगात 'तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा' असं येतं. 'बरवा विठ्ठल' म्हटलं असतं तर अनेक विठ्ठलांतला बरवा असलेला एक, असा भलताच अर्थ निघाला असता. 'विठ्ठल बरवा' म्हटल्यावर त्यात पाहणाऱ्याचा कौल येतो, डोळे भरून पाहून दिलेला. यमकाची सोय झाली ती वेगळीच.

नामानंतरचं विशेषण जिथे नेहमी भेटतं पण आपल्या लक्षात येत नाही, अशी एक जागा म्हणजे पाट्या. पुण्यात कोंढवा बुद्रुक आहे आणि कोंढवा खुर्द आहे. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहे. आंबेगावही तसंच. खुर्द म्हणजे फारसीत लहान, आणि बुद्रुक हा फारसीतल्या बुजुर्ग या शब्दाचा मराठी अवतार, म्हणजे थोर, मोठा. म्हणजे ही नावं नाम आणि त्यानंतर विशेषण अशीच बनलेली आहेत. फारसीत विशेषण नामानंतर येतं, आणि दफ्तराची भाषा शतकानुशतकं फारसी वळणाची असल्यामुळे महसुलाच्या कागदांतून ती रीत गावांच्या नावांत येऊन बसली. जिथे लोकांनी आपल्या शब्दांनी नावं ठेवली, तिथे विशेषण पुढे गेलं: पिंपरी-चिंचवडमध्ये जुनी सांगवी आणि नवी सांगवी, अकोल्यात मोठी उमरी आणि लहान उमरी. बुद्रुक आणि मोठी, अर्थ एकच, जागा उलट. एकाच राज्यातल्या पाट्यांवर दोन भाषांची वाक्यरचना शेजारी शेजारी उभी आहे.

पेशवाईतल्या कागदांत 'मौजे मजकूर', 'साल मजकूर' असे प्रयोग येतात. मजकूर म्हणजे उल्लेख केलेला. मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेलं गाव. हाही शब्द अरबी-फारसीतून आला आणि येताना नामानंतरची आपली जागा घेऊन आला. आजच्या पोलीस ठाण्याच्या मराठीत तेच काम 'सदर' करतं, पण नामाआधी: सदर इसम, सदर वाहन. मजकूर मात्र विशेषणपण सोडून नाम झाला आणि आता आपण 'पानभर मजकूर' लिहितो.

त्याच पोलीस ठाण्यातून बेपत्ता व्यक्तीचं वर्णन निघतं तेव्हा भाषा उलटी फिरते: रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ, केस काळे. इथे कुणी 'सावळ्या रंगाचा, मध्यम बांध्याचा, उभट चेहऱ्याचा' असं लिहीत बसत नाही. वाचणाऱ्याला एकेक खूण ताडून बघायची असते, म्हणून आधी कुठे बघायचं ते, मग काय दिसेल ते. किराणा मालाची यादीही अशीच: गूळ पिवळा एक किलो, पोहे जाडे अर्धा किलो, मिरची लाल पाव किलो. दुकानदाराचा हात आधी गुळाच्या डब्याकडे जातो, मग पिवळा की काळा हा प्रश्न. इयत्ता पाचवी, प्रकरण तिसरे, अंक पहिला, रुपये दोन हजार फक्त, हे सगळं त्याच घराण्यातलं. नाटकाच्या संहितेत 'अंक पहिला' छापलेलं असतं आणि प्रयोग बघून आलेला माणूस म्हणतो, "पहिला अंक रंगला."

आता लिहिणाऱ्याच्या कामाचं. मराठीत नामाआधी कितीही मोठं विशेषण बांधता येतं. 'काल संध्याकाळी घाईघाईने बाजारातून आणलेली, आईने अजून हातही न लावलेली, कोपऱ्यात कलंडलेली पिशवी तशीच होती.' व्याकरणात खोट नाही. पण वाचणाऱ्याने 'पिशवी' येईपर्यंत तीन गाठोडी हातात धरून ठेवायची, कशाची ते माहीत नसताना. नाम आलं की मग ती सगळी एकदम त्याच्यावर टाकायची. हेच जरा सोडून लिहिलं तर: 'पिशवी कोपऱ्यात तशीच कलंडली होती, काल घाईघाईने आणलेली. आईने हातही लावला नव्हता.' आता पिशवी आधी दिसते आणि तिच्याबद्दलची एकेक गोष्ट मागून येते. डोळाही असाच बघतो. आधी वस्तू, मग तिचा तपशील.

क्रियापद होऊन गेल्यावर शेवटी विशेषण ठेवणं हे लेखनात सगळ्यात उपयोगी पडतं. 'दारात एक मुलगा उभा होता, भिजलेला.' 'आजोबांनी पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं, न बोलता, शांत.' वाक्य संपलं असं वाटत असताना एक शब्द येतो आणि आधीचं चित्र बदलतो. त्यासाठी शेवटी ठेवलेल्या शब्दात काही नवं असावं लागतं. 'बागेत फुलं होती, सुंदर' हे वाक्य पडतं, कारण फुलं सुंदर असणार हे वाचणाऱ्याने आधीच धरलंय. 'बागेत फुलं होती, प्लास्टिकची' हे उभं राहतं.

दुसरा उपयोग दोन नामांच्या वेळी होतो आणि तो अगदी व्यवहाराचा आहे. 'जुना वाडा आणि विहीर' यात विहीर जुनी आहे की नाही? कळत नाही. 'जुना' हा शब्द पुल्लिंगी आहे, तो वाड्यापाशीच थांबतो. 'वाडा आणि विहीर, दोन्ही जुनी' म्हटलं की प्रश्न मिटतो. पुल्लिंगी वाडा आणि स्त्रीलिंगी विहीर एकत्र आले की विशेषण नपुंसकलिंगी अनेकवचनी होतं, म्हणून 'जुनी'. जाहिरातीत, करारात, इच्छापत्रात 'नवीन कपाट आणि टेबल' असं लिहिलेलं मी पाहते तेव्हा टेबलाची काळजी वाटते.

'बिचारा' या शब्दाला मी वेगळी जागा देते, कारण वर सांगितलेला 'आहे'चा नियम तो पाळत नाही. 'सगळे पाहुणे जेवून गेले, आई बिचारी उपाशीच राहिली.' इथे 'आई बिचारी' हे वाक्य नाही, त्यात 'आहे' लपलेलं नाही, स्वल्पविरामही लागत नाही. 'बिचारी आई उपाशी राहिली' म्हटलं तर बोलणारा लांबून दया दाखवतो. 'आई बिचारी' म्हणताना त्याचाच आवाज खाली येतो. 'बापडा' असाच. 'माझा', 'माझी' हे शब्दही असे मागे जातात तेव्हा माया वाढते: लेक माझी गुणाची, पोर माझं अजाण. हाक मारतानाही तेच, 'बाळा माझ्या'. आणि 'सगळा', 'अख्खा' यांचं बघा: 'सगळे पैसे संपले' ही माहिती झाली, 'पैसे सगळे संपले' म्हणणाऱ्याने मात्र खिसा उलटा करून दाखवलेला असतो.

एका रचनेबद्दल मला स्पष्ट सांगायचंय, कारण भाषांतरांत ती फार वाढली आहे. 'त्याचा चेहरा, रापलेला आणि शांत, खिडकीत दिसला.' नामानंतर दोन स्वल्पविरामांत विशेषणांची जोडी. इंग्रजी लेखनाच्या वर्गात हा प्रकार वाक्यांत वैविध्य आणण्याचा उपाय म्हणून शिकवला जातो आणि इंग्रजीत तो शोभतो, कारण तिथे क्रियापद लगेच कर्त्यामागे येतं आणि शेपूट मोकळं राहतं. मराठीत 'चेहरा रापलेला आणि शांत' ऐकताच कान 'आहे' भरून मोकळा होतो, आणि मग 'खिडकीत दिसला' आल्यावर त्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा जुळवावं लागतं. हा अडथळा कधी मुद्दाम हवा असेल तर जरूर घाला. एरवी 'त्याचा रापलेला, शांत चेहरा खिडकीत दिसला' म्हणा, किंवा 'खिडकीत त्याचा चेहरा दिसला, रापलेला, शांत' म्हणा.

विभक्तीचा प्रत्यय लागला की अडचण आणखी वाढते. 'काळ्या कुत्र्याने भाकरी पळवली' यातलं विशेषण मागे नेऊन बघा: 'कुत्र्याने भाकरी पळवली, काळ्या.' लंगडं वाटतं ना? 'काळ्या' हे सामान्यरूप आहे, त्याला टेकायला पुढे नाम लागतं; मागे एकटं सोडलं की ते अधांतरी राहतं. बोलताना आपण यातून सहज वाट काढतो: 'कुत्र्याने भाकरी पळवली, त्या काळ्याने.' म्हणजे विशेषणालाच नाम करून प्रत्यय त्याच्या अंगावर चढवतो. म्हणून साधा आडाखा असा: नाम प्रत्ययाविना असेल तर विशेषण मागे न्यायला हरकत नाही, ने, ला, त, हून लागलं असेल तर आधीच ठेवा किंवा वाक्य तोडा.

काही विशेषणं जागा सोडतच नाहीत. माजी, भावी, तथाकथित, प्रत्येक. 'मंत्री माजी' होत नाही. ही विशेषणं वस्तूचा गुण सांगत नाहीत, ती नामाचा अर्थच आखून देतात, त्यामुळे नामापासून सुटी होऊन त्यांना स्वतःचं असं काही सांगता येत नाही.

शेवटी एक उतारा करून बघू. आधी सगळी विशेषणं पुढे:

'स्टँडवर एक जुनी, लाल, धुळीने माखलेली एसटी उभी होती. तिच्या मागच्या तुटक्या सीटवर एक म्हातारा, थकलेला, घामेजलेला माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर एक मोठा, मळका, रिकामा डबा होता.'

तीन वाक्यं, तिन्हींची चाल एक. आता कुणी सांगितलं की विशेषणं मागे न्या, आणि आपण सगळीच नेली:

'स्टँडवर एसटी उभी होती, जुनी, लाल, धुळीने माखलेली. सीटवर माणूस बसला होता, म्हातारा, थकलेला, घामेजलेला. मांडीवर डबा होता, मोठा, मळका, रिकामा.'

रांग पुढची मागे गेली, एवढंच. कंटाळा तेवढाच, वर लेखक काहीतरी करून दाखवतोय हे दिसतं ते वेगळं. मी असं लिहीन:

'स्टँडवर लाल एसटी उभी होती, धुळीने माखलेली. मागची सीट तुटकी. तिच्यावर एक म्हातारा बसला होता, बिचारा घामेजून गेलेला. मांडीवर जेवणाचा मोठा डबा होता. रिकामा.'

'लाल' आधीच ठेवलं, कारण एसटी लाल असणं ही तिची ओळख आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. 'जुनी' काढलं, धूळ आणि तुटकी सीट ते काम करतात. 'म्हातारा माणूस' यातला माणूस काढला, म्हातारा स्वतःच नाम होऊन बसला. 'थकलेला' गेलं, घाम पुरेसा आहे. आणि 'रिकामा' मी तीन ठिकाणी ठेवून पाहिलं. 'रिकामा डबा होता' म्हटलं तर डबा दिसण्याआधीच त्यातलं अन्न संपलेलं असतं. 'डबा रिकामा होता' हे ठीक आहे, पण पहिल्या दोन शब्दांतच सगळं कळतं. 'मोठा डबा होता' यानंतर पूर्णविराम दिला की वाचणारा क्षणभर झाकण उघडतो, भाकरी आणि भाजीची अपेक्षा धरतो, आणि मग आत बघतो.